पोर्ट्रेट की लँडस्केप? लेन्स घ्यायच्या आधी जुने फोटो उघडून बघा

कुठला कॅमेरा घेऊ हे विचारायच्या आधी एक काम करा. आत्ता तुमच्याकडे जो काही कॅमेरा असेल, स्वतःचा नाहीतर मित्राचा उसना आणलेला, त्यातले वर्षभरातले तीनेकशे फोटो लॅपटॉपवर घ्या, एकेका फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये जा, तिथे फोकल लेंग्थ म्हणून मिलिमीटरमधला एक आकडा असतो तो बघा (लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ). कॅमेऱ्याबरोबर येणारी साधी १८-५५ ची किट लेन्स धरून वहीत तीन रकाने आखा, १८ ते २४, २५ ते ४४ आणि ४५ ते ५५, आणि नुसत्या रेघा मारत सुटा. अर्ध्या तासाचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण दुकानदार, यूट्यूबवाले आणि माझ्यासारखे फुकटचे सल्ले देणारे यांच्यापेक्षा तो कागद जास्त खरं बोलतो.

माझ्या मावसभावाला ईएमआयवर फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, खाली सांगतो) घ्यायचा होता, कारण काय तर "मला पोर्ट्रेट करायचेत". त्याला बसवून रेघा मारायला लावल्या. तीनशेपैकी दोनशेच्या वर फोटो १८ वर, म्हणजे सगळे गड, धबधबे, ढग. ५५ वर जेमतेम चाळीस आणि त्यातले निम्मे गडावरच्या माकडांचे. आता ह्या माणसाला महागडी पोर्ट्रेट लेन्स देऊन काय होणार? तो ती कपाटात ठेवणार आणि परत किट लेन्स लावून हरिश्चंद्रगडाला जाणार. तुमच्या रेघा शेवटच्या रकान्यात जास्त असतील तर तुम्ही माणसांचे फोटोग्राफर आहात, पहिल्या रकान्यात असतील तर डोंगरांचे, आणि सगळ्या मधल्या रकान्यात असतील तर तूर्त काहीच घेऊ नका, त्या पैशात दोन ट्रेक होतात.

बॉडीबद्दल, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याबद्दल, थोडक्यात सांगतो कारण लोक नको तिथे डोकं घालवतात. सेन्सर, म्हणजे आतली उजेड टिपणारी पट्टी, मोटामोटी दोन साइजचे, फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर, आणि त्याहून लहान तो एपीएस-सी, ज्याला सगळे क्रॉप म्हणतात. क्रॉपवर लेन्सच्या आकड्याला निकॉन, सोनी, फुजीत १.५ ने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचं, म्हणजे क्रॉप बॉडीवर लावलेली ५० एमएम लेन्स फुल फ्रेमवरच्या ७५-८० एमएमसारखी फ्रेम देते. हे गणित डोक्यात पक्कं ठेवा, खाली सारखं लागणार आहे. मेगापिक्सेलचं म्हणाल तर २४ पुरे झाले, ६००० बाय ४००० पिक्सेल म्हणजे ३०० डीपीआयला २० बाय १३ इंचाची प्रिंट होते, आणि खरं सांगा, शेवटची प्रिंट कधी काढलीत?

डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या धाटणीचा कॅमेरा) की मिररलेस (बिनआरशाचा) ह्या भांडणात माझं मत असं, की पोर्ट्रेट जास्त करणार असाल तर मिररलेसला जास्त पैसे द्यायला अर्थ आहे, कारण आजकालच्या बहुतेक मिररलेसमध्ये डोळ्यावर फोकस आपोआप बसतो आणि उघड्या अ‍ॅपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं भोक मोठं उघडलेलं असताना; एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) तेच सगळ्यात अवघड काम असतं. डोंगराला डोळे नसतात आणि तो हलतही नाही, त्यामुळे लँडस्केपसाठी जुना डीएसएलआर अजूनही मस्त चालतो. निकॉनचा डी७२०० २०१५ चा, डी५६०० २०१६ चा, कॅननचा २००डी २०१७ चा, तिन्ही २४ मेगापिक्सेल, आणि तिन्ही सेकंडहँडमध्ये मिररलेसच्या मानाने बरेच स्वस्त पडतात. फक्त एक खड्डा लक्षात ठेवा, निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. म्हणजे कुणी "५० एमएम एफ १.८ डी आहे, स्वस्तात देतो" म्हणाला आणि तुम्ही ती डी५६०० ला लावलीत तर फोकस हातानेच फिरवत बसा. तुम्हाला १.८ जी पाहिजे, त्यात मोटर लेन्समध्येच असते. नावातलं एक अक्षर, पण त्यावरून लोक दुकानात परत जाऊन भांडतात.

आता माणसांचे फोटो

पोर्ट्रेटची लेन्स निवडताना सगळे विचारतात ब्लर किती येईल, म्हणजे मागचं किती धूसर होईल. मी म्हणतो आधी विचारा, तुम्ही समोरच्यापासून किती लांब उभे राहणार? चेहरा कसा दिसतो ते लेन्स ठरवत नाही, अंतर ठरवतं. लेन्स फक्त एवढंच ठरवते की त्या अंतरावरून फ्रेम किती भरेल.

हे मला आजीने शिकवलं, तिला माहीत नसताना. आजी दारात बसून लसूण सोलत होती, सकाळचं उन्ह अंगणातून परतून तिच्या चेहऱ्यावर येत होतं, मी किट लेन्स १८ वर ठेवून अगदी जवळ, दीड-दोन फुटांवर जाऊन फोटो काढला. फोटो बघून आजी म्हणाली, "हे नाक कुणाचं रे?" खरंच, नाक पुढे आलेलं, कान मागे पळालेले, कपाळ निमुळतं. मग ५० एमएम लावून तिथून उठलो आणि अंगणात मागे मागे सरकत पाचएक फुटांवर आलो तेव्हा आजी आजीसारखी दिसली. कारण साधं आहे, कॅमेरा दीड फुटावर असताना नाक कानापेक्षा चार-पाच इंच जवळ असतं आणि ते चार-पाच इंच दीड फुटाच्या मानाने खूप होतात, पाच फुटांवरून तेच किरकोळ होतात. म्हणून पोर्ट्रेटला माणसापासून निदान पाच फूट लांब राहा आणि मग त्या अंतरावरून डोकं-खांदे फ्रेममध्ये भरतील अशी लेन्स घ्या. क्रॉपवर ती ५०, फुल फ्रेमवर ८५ च्या आसपास. स्टीव्ह मॅकरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा तो जगभर गाजलेला फोटो काढला तो १०५ एमएम लेन्सवर, फिल्म कॅमेरा होता म्हणजे फुल फ्रेमच. क्रॉपवर तशाच फ्रेमच्या जवळ जायचं तर ७० एमएम लागेल.

पण घर केवढं आहे ते बघा आधी! क्रॉप कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा ठेवून घ्यायचा असेल तर ३५ एमएमला साधारण १० फूट मागे जावं लागतं, ५० ला १४-१५ फूट आणि ८५ ला चोवीस-पंचवीस फूट. आमच्या हॉलची लांबी १२ फूट आहे, त्यात सोफा. ८५ ने घरात उभा फोटो काढायचा तर मला जिन्यात जाऊन शेजाऱ्यांच्या चपलांवर उभं राहावं लागेल. म्हणून घरात, बारशाला, डोहाळजेवणाला फोटो काढणार असाल तर क्रॉपवर ३५ एफ १.८ घ्या, गच्चीवर, शेतात, नदीकाठी काढणार असाल तर ५०. ८५ क्रॉपवर तेव्हाच जेव्हा वारी, जत्रा असं काहीतरी लांबून टिपायचंय. टेप घेऊन खोली मोजा, हसू नका, खरंच मोजा.

१.८ ची लेन्स हातात आली की पहिला महिनाभर प्रत्येक जण सगळे फोटो १.८ वरच काढतो, मीही काढले. हिशोब बघा, क्रॉपवर ५० एमएम, एफ १.८, माणूस एक मीटरवर, तर शार्प दिसणारा पट्टा फक्त ३ सेंटिमीटरचा. दीड मीटरवर गेलात तर ६ सेंटिमीटर. म्हणजे डोळा शार्प आणि कान गेला. लग्नात तर मजाच होते, नवरीच्या जवळ जाऊन फोटो काढायचा आणि घरी येऊन बघायचं तर मुंडावळ्यांचा एकेक मोती मोजता येतो आणि डोळे मात्र धुक्यात, कारण कॅमेऱ्याने जे सगळ्यात पुढे आणि चमकदार दिसलं ते पकडलं. नथीचं पण तेच. त्यामुळे जुन्या डीएसएलआरवर फोकसचा एकच ठिपका निवडा, तो स्वतः डोळ्यावर ठेवा आणि एफ २.८ वर काढा. नवरा-नवरी दोघं असतील तर ४, मागे मामा-मामी येऊन उभे राहिले तर ५.६ किंवा ८, तिथे ब्लर-बिर विसरा.

आणि मागचं धूसर करायला दरवेळी महाग लेन्स लागत नाही. माणसाला भिंतीला टेकवून उभं केलंत तर १.४ ची लेन्सही काही करू शकत नाही. त्याच माणसाला भिंतीपासून दहा फूट पुढे आणा, तुम्ही जवळ या, किट लेन्स ५५ वर एफ ५.६ ला सुद्धा भिंतीवरचं कॅलेंडर ओळखू येणार नाही इतपत विरघळतं. शटर स्पीड मोठ्यांसाठी १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको, लहान मुलांसाठी १/२५० किंवा त्याहून वेगवान, त्यासाठी आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) वाढला तर वाढू द्या, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. दुपारी बाराच्या उन्हात कुणाला उभं करू नका, डोळ्यांखाली खड्डे पडतात. दाराच्या आत, उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत बसवा आणि तोंड बाहेरच्या उजेडाकडे. त्या उजेडाला पैसे पडत नाहीत.

डोंगर, ढग, पाणी

इथे खरं तर पाकिटावर ताण यायला नको, पण लोक इथेच जास्त उधळतात. लँडस्केप आपण एफ ८ च्या आसपास काढतो, आणि एफ ८ ला बऱ्याच साध्या लेन्स बऱ्यापैकी शार्प असतात. एफ २.८ ची वजनदार वाइड लेन्स पाठीवर घालून चार तास चढायचं आणि वर जाऊन ८ वर फोटो काढायचा, ह्यात काय शहाणपणा आहे मला कळत नाही. अपवाद एकच, रात्रीचे तारे, आकाशगंगा. ते करायचं असेल तर २.८ पाहिजेच, टोकिनाची ११-१६ एफ २.८ सारखी लेन्स तिथे कामाची. आणि उलटीकडे, सगळं शार्प यावं म्हणून एफ २२ पण लावू नका, क्रॉपवर ११ च्या पुढे गेलात की प्रकाश त्या बारीक भोकातून जाताना पसरतो आणि फोटो मऊ पडायला लागतो.

मग जवळचं फूल आणि लांबचा डोंगर दोन्ही शार्प कसं आणायचं? क्रॉपवर १८ एमएम, एफ ८, आणि फोकस साधारण दोन मीटरवर. दगडावर नाहीतर गवताच्या काडीवर फोकस करून तो मॅन्युअलला लॉक करा. एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं नीट येतं.

अल्ट्रावाइडबद्दल (खूप रुंद दृश्य घेणारी लेन्स, कॅननची १०-१८, निकॉनची १०-२०) एक कडू गोष्ट. ती घेतली की पहिल्या ट्रेकला फार वाईट वाटतं, कारण १० एमएमवर समोरचा एवढा दांडगा डोंगर मुंगीच्या वारुळाएवढा दिसतो आणि निम्मी फ्रेम रिकाम्या आकाशाने भरते. ती लेन्स लांबचं मोठं करत नाही, जवळचं मोठं करते. म्हणून तिला पायाशी काहीतरी लागतं. कासला ऑगस्ट-सप्टेंबरात गेलात तर वाटेवरच बसा, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, वाटेच्या कडेचा फुलांचा एक झुबका फूटभरावर, फोकस त्याच्यावर, मागे पठार आणि ढग, तिथे १० एमएमची किंमत कळते. फुलांत उतरून फोटो काढणाऱ्यांना मात्र माझ्याकडून शिव्याच. आणि निकॉनवाल्यांनो, ती १०-२० एएफ-पी प्रकारची आहे, डी९० आणि डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा फोकस चालत नाही, घ्यायच्या आधी आपली बॉडी तिच्या यादीत आहे का ते बघा.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर १८ एमएममध्ये मनासारखा कडा मावत नाही हे खरं, पण तेवढ्यासाठी लेन्स घेऊ नका. कॅमेरा उभा धरा, एक्सपोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअलला लॉक करा, डावीकडून उजवीकडे पाच-सहा फोटो काढा, प्रत्येकात आधीच्याचा एक तृतीयांश भाग परत येऊ द्या आणि घरी कॉम्प्युटरवर जोडा. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य थेट समोर आणि कड्याचा पोटातला भाग काळोखात, एका फोटोत दोन्ही जमणं अवघड. रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, आकाश जळणार नाही इतपत एक्सपोजर कमी ठेवा, सावल्या नंतर उचलता येतात पण पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही. तरी धाकधूक असेल तर ब्रॅकेटिंग लावून एकाच दृश्याची कमी-जास्त उजेडाची तीन एक्सपोजर घ्या. आणि फोटोच्या नादात कडेला जाऊ नका, पोटावर झोपून बघतात लोक तिथे, उगाच नाही.

सह्याद्रीत मला वाइडपेक्षा जास्त फोटो टेलीने (लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने) दिले आहेत हे ऐकून लोकांना नवल वाटतं. रायगडावर पहाटे जगदीश्वराच्या बाजूला जाऊन पूर्वेकडे बघा, लिंगाण्याचा सुळका, त्याच्या मागे एकामागे एक धूसर होत जाणाऱ्या रांगा, त्यात तोरणा-राजगड. १८ एमएमवर हे सगळं बोटाच्या पेराएवढं. ५५-२५० किंवा ५५-२०० सारखी साधी, हलकी, स्वस्त झूम १५० वर नेली की त्याच रांगा एकमेकींवर रचल्यासारख्या येतात. म्हणून किट लेन्सनंतर डोंगरवाल्यांनी दुसरी लेन्स घ्यायची तर माझं मत आधी ही, अल्ट्रावाइड नंतर. हीच झूम १०० एमएमवर गच्चीत पोर्ट्रेटलाही चालून जाते, म्हणजे आजीही खूश.

लेन्सपेक्षा आधी ट्रायपॉड आणि पोलरायझर (लेन्सपुढे लावून फिरवायचा, चमक कापणारा फिल्टर). ट्रायपॉड दीडेक किलोचा बघा, त्याहून हलका कड्यावरच्या वाऱ्यात थरथरतो आणि जड असेल तर तुम्ही तो गाडीतच ठेवाल. मधली दांडी वर काढू नका, वारा असेल तर खाली सॅक लटकवा पण झोके घेणार नाही अशी, जमिनीला टेकलेली. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं व्हीआर किंवा आयएस (हाताचा हलका धक्का सावरणारी सोय) बंद. पोलरायझर म्हणजे पावसाळ्यातला सोबती, ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चमक जाते आणि हिरवा रंग खरा दिसतो, शिवाय दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेड कमी होतो म्हणून धबधब्याला अर्ध्या सेकंदाचा शटर मिळायला मदत होते. सूर्य तुमच्या डाव्या नाहीतर उजव्या खांद्याकडे असेल तेव्हा आकाशावर तो सगळ्यात जास्त काम करतो, पण अल्ट्रावाइडवर आकाश एका बाजूला गडद आणि एका बाजूला फिकं होतं, तिथे काढून ठेवा. घेताना तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्या, लहान लेन्सना स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवणारी कडी) लावून तोच वापरा. प्रत्येक लेन्सला वेगळा घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

सेकंडहँड घेताना

मुंबईत फोर्टला बोरा बाजारात जा नाहीतर ऑनलाइन बघा, तपासायची पद्धत तीच. मी एकदा एका दुकानात ८५ एमएम ट्यूबलाइटखाली बघून घेतली, काच स्वच्छ दिसली, घरी येऊन मागून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. दुकानदार म्हणाला, "तुमच्याकडेच लागली असेल." एका दिवसात? पण पावतीवर काहीच लिहून घेतलं नव्हतं, त्यामुळे गप्प बसलो. तेव्हापासून खिशात टॉर्च. लेन्सच्या एका बाजूने मारायचा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं. धुळीचे दोन-चार कण चालतात, जाळं किंवा धुक्यासारखा थर असेल तर लेन्स खाली ठेवून चहा प्यायला जा.

मग लेन्स कानाशी धरून हलकेच हलवा, थोडा खुळखुळाट व्हीआरवाल्या लेन्समध्ये असतो, नट पडल्यासारखा आवाज नको. बॉडीवर लावून एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग काळे ठिपके म्हणून दिसतील. डाग साफ करता येतात, ओरखडे जात नाहीत. मग विटांच्या भिंतीचा सगळ्यात उघड्या अ‍ॅपर्चरला सरळ समोरून फोटो, चारही कोपरे झूम करून बघा, एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) विचारा, निकॉनमध्ये तो फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो. डी५६०० सारख्या बॉडीचा शटर एक लाखापर्यंत टेस्ट केलेला असतो, पंचवीस-तीस हजार झाले असतील तर निवांत घ्या, लग्नवाल्याची ऐंशी-नव्वद हजार झालेली असेल तर किंमत पाडा. आपलं कार्ड घेऊन जा, फोटो त्यातच काढा आणि जमलं तर घरी जाऊन मोठ्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. पावतीवर सिरीयल नंबर आणि "बुरशी निघाल्यास सात दिवसांत परत" एवढं हाताने लिहून घ्या. नाही लिहून देत म्हणाला तर समजून जा.

आणि घरी आणल्यावर कॅमेऱ्याच्या बॅगेत घालून कपाटात टाकू नका, विशेषतः मुंबई-कोकणात जूननंतर. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मोजायचा मीटर, काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या, पण ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. तांदळात कॅमेरा ठेवायचं मात्र कुणीही सांगितलं तरी ऐकू नका, तांदळाची भुकटी झूमच्या रिंगमध्ये जाऊन बसते. एसी गाडीतून गडाच्या पायथ्याशी उतरलात तर कॅमेरा वीसेक मिनिटं बॅगेतच राहू द्या, नाहीतर थंड काचेवर दमट हवेची वाफ धरते, तोवर बुटांच्या नाड्या बांधून होतात.